पान चौदा

मला कोणी दुष्ट म्हटलं की माझं डोकंच फिरतं. नियम काय मी केलेत? नारायणस्वामीकाकांनी केलेत, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वहीत.

काका तंजावरी मराठी, तांबरमच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी चोळ आणि चालुक्यांच्या अंगठ्याएवढ्या शिपायांच्या दोन फौजा रंगवल्या आणि टेबलावर त्या लढवायचे नियम चाळीस पानांत लिहून काढले. टेपनं मोजून कोणी किती सरकायचं, हत्ती कधी बिथरतो, फाशावर किती पडलं की रांग मोडते, सगळं. त्यातला एक नियम फार कडक: आपल्याच हातानं शिपाई आडवा पडला तर तो मेला. धसमुसळेपणा काकांना खपत नसे.

नऊ वर्षं मी दर रविवारी सकाळी सिरुसेरीहून जायचो आणि मार खाऊन परत यायचो. मागे, हे टेबल मांडलेल्या खोलीवरून काकांच्या घरात कटकट झाली. सुनेला, श्रीलक्ष्मीला, तिथं कपाटं करायची होती. तेव्हा काका तोऱ्यात म्हणाले होते, "हरेन त्या दिवशी खोली तुमची, आणि फौज जिंकेल त्याची." मला ती फौज हवी होती. हो, हवी होती! हत्तींच्या झुलींवरची नक्षी बघाल तर तुमचीही नियत फिरेल.

यंदा काकांच्या हातांना कंप सुटला.

त्या रविवारी चोळ त्यांच्याकडे होते. पहिल्याच चालीत भालेवाल्यांची रांग सरकवताना तीन आडवे झाले. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मेले," मी म्हणालो.

"सरि, बरोबर," म्हणत त्यांनी तिघांना उचलून बाजूला ठेवलं.

मग मला युक्ती सुचली. लढायचंच कशाला? एकदा डावीकडून घोडेस्वार दाखवायचे, एकदा उजवीकडून. काकांना रांग फिरवावीच लागायची, आणि फिरवली की पडायचे. कधी दोन, कधी पाच. दर वेळी ते थांबून माझ्याकडे बघायचे आणि मी हातातले फासे खुळखुळवत "मेले" म्हणायचो. दोन तासांत माझा एकही शिपाई मेला नाही. शेवटी त्यांनी एकटा उरलेला मोठा हत्ती दोन्ही हातांनी धरला, श्वास रोखला, तरी तो सोंडेवर आपटला.

"अय्यो," ते पुटपुटले.

"मेला! काका, जिंकलो मी!"

मी लगेच खोकी काढली. खोटं कशाला बोलू, ती मी गाडीत घालून आणलीच होती. काकांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"ही पण ने. आधी पान चौदा वाच."

वाचायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, डाव्या हातानं मी शिपाई पाडत सुटलो होतो. काकांनी ते एकेक उभे केले होते आणि त्याच दिवशी वहीत लिहिलं होतं: 'हात अधू असेल त्याचा पडलेला शिपाई जिवंत धरावा. ही माफी समोरच्यानं आपणहून द्यावी. मागू नये.'

"विसरलो, काका," मी म्हणालो.

"नाही विसरलास. पहिल्या तिघांना मेले म्हणालास तेव्हा तुझी नजर वहीकडे गेली होती." त्यांनी थरथरते हात टेबलावर ठेवले. "तुझं प्लास्टर किती दिवस होतं रे?"

"दीड महिना."

"माझं हे निघायचं नाही."

मला त्यांचा रागच आला. एवढं होतं तर बोलायचं ना तोंडानं! मी शिपाई कापसात गुंडाळले आणि पहिलं खोकं गाडीत ठेवून आलो.

दुसऱ्या खोक्यासाठी वर गेलो तर श्रीलक्ष्मी भिंतीची मापं घेत होती, आमच्याच टेपनं. दुसरं टोक काकांच्या हातात होतं.

"अप्पा," ती वैतागून म्हणाली, "जरा नीट धरा ना."