दारातले पान

तांड्यावरच्या शाळेला खोली एकच होती. तिथे दुपारच्या सुटीनंतरचा अर्धा तास मी वाचनासाठी राखला, तेव्हा मी नवा शिक्षणसेवक होतो. सेनगावात भाड्याने राहणारा, जीपने येणारा. माझा आवाज मुळातच बारीक. चार माणसांत बोलायची वेळ आली की शब्द घशाशी येऊन परत फिरत. पुस्तकांशी मात्र माझे जमे. मुलांचेही जमावे, एवढीच इच्छा होती.

भिंतीलगत सुतळी बांधून तिच्यावर मी गोष्टींची पुस्तके टांगली. आषाढात वाचन थोडे, सरावच अधिक झाला. सुतळीवरून पुस्तक कसे काढायचे, पहिले पान वाचून कसे ठरवायचे, आपली जागा कशी निवडायची, थुंकी न लावता पान कसे उलटायचे. सर्वांत अवघड गेले ते पुस्तक परत टांगणे. "नाही आवडलं तर बदला," मी म्हणे, आणि मुले चोरी पकडली गेल्यासारखी पुस्तक छातीशी धरून बसत. शेवटी तिसरीतल्या पुजाने एक पुस्तक परत टांगले.

"ह्यात नुसता राजाच हाय, गुरुजी. बकरी एक बी न्हाई."

सगळे हसले, आणि त्या दिवसापासून पुस्तके बदलू लागली.

श्रावणातल्या एका दुपारी खोली खरोखरच शांत झाली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. लहानपणी ज्या शांततेत मी लपत असे, ती आज एवढी मुले माझ्यासोबत वाटून घेत होती. तांड्यावर आल्यापासून प्रथमच मला एकटे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला घरी गेलेली पुजा परतली नाही. मग आणखी काही मुली येईनाशा झाल्या. आठवडा सरता सरता दुपारची खोली अर्धी ओस पडली. खुणेला कडुलिंबाची काडी घातलेले पुजाचे पुस्तक सुतळीवर तसेच लोंबत राहिले.

मी शाळेसमोरच्या शेतात गेलो. पुजाची आई शकुंतलाबाई सोयाबीन निंदत होती; पुजा बांधावर धाकट्याला घेऊन बसली होती.

"पुजाला दुपारी पाठवा," मी म्हणालो. इतक्या हळू, की पुन्हा म्हणावे लागले.

"शाळा चालू असंल तर धाडू न. दुपारून तर बंदच असती."

"बंद नसते. मी असतो."

"काहून खोटं बोलता, गुरुजी?" खुरपे थांबले नाही. "पाढे ऐकू आले, कविता आली, म्हंजे लेकरं शाळेत. दुपारून चिडीचूप. पहिले गुरुजी बी जेवले की जीप धरायचे."

तेव्हा मला उमजले. निंदणाऱ्या बायका शाळेकडे पाहत नव्हत्या. त्या शाळा ऐकत होत्या.

"याडी, आमी मनात वाचतो," पुजा आईला म्हणाली.

"मनातलं मला इथवर कसं ऐकू यावं?"

ओळीतून पुढे सरकता सरकता शकुंतलाबाई म्हणाली, "उद्या आवाज आला तर धाडीन."

दुसऱ्या दुपारी मी मुलांना विचारले, दारात उभे राहून शेताकडे तोंड करून कोण वाचेल? कोणी उठेना. मग मीच पुस्तक घेऊन दारात गेलो. पहिली ओळ माझ्या मलाही नीट ऐकू आली नाही.

"मोठ्यानं, गुरुजी!" सोयाबीनमधून हाक आली. "जेवले न्हाई का काय?"

बायका हसल्या. कानशिले तापली, पण मी वाचत राहिलो, पान संपेपर्यंत. मग आत येऊन बसलो, आणि खोली पुन्हा शांत झाली. थोड्या वेळाने पुजा आली, धाकट्याला कडेवर घेऊन. तिने सुतळीवरून आपले पुस्तक काढले.

पुढे तीच रीत पडली. आधी एक पान दारातून शेताला, मग अर्धा तास आपापला. पाळी मुलांची असे; पुजाचा आवाज ओढ्यापलीकडे जाई.

दिवाळी झाली आणि तांडा ऊसतोडीला गेला. पुजाही गेली. मागे म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली मोजकी मुले उरली. सोयाबीन निघून गेले होते. उरल्या तुरी फुलावर होत्या, त्यांत कोणी नव्हते. तरी दुपारी मी दारात उभा राहिलो. पुजाचे पुस्तक घेतले आणि मोठ्याने वाचू लागलो. आता शब्द परत फिरत नव्हते.

काडीपर्यंत आलो आणि थांबलो. पुढची पाने तिची होती.