वाटण्या

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला डिव्हायडिंग हेड आहे. घड्याळाच्या चाकाला सारख्या अंतरावर दात पाडायचे, तर चाक मोजून फिरवावं लागतं. ते माझं काम. पण गिताबाईंच्या तोंडात माझं नाव कुठलं बसायला? त्या मला 'वाटण्या' म्हणायच्या.

त्यांचे दोन मुलगे, रोहिदास आणि ज्ञानेश. मांडवगण फराट्याच्या जमिनीची वाटणी करताना दोघांनी वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळासाठी ओढाताण केली. घड्याळ आपटलं, एका चाकाचे दात तुटले. गिताबाई कडाडल्या, "आधी घड्याळ चालू करा, मग वाटणी!"

म्हणून दौंडच्या आपल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये रोहिदासनं मला घडवलं. घडवलं कसलं, सोलून काढलं! करवतीनं कापलं, लेथवर तासलं. माझ्या चकतीभोवती खुणांची कागदी पट्टी गुंडाळली आणि खुणेखुणेवर ड्रिल घातलं. तरी मी खूश होतो. दोघं भाऊ माझ्याशेजारी उभे होते ना!

ज्ञानेश दर दातामागं चार भोकं मोजून मला फिरवायचा, रोहिदास दात पाडायचा. शेवटचा दात मात्र बारीक आला.

"मोजता येतं का न्हाई तुला?" रोहिदास खेकसला. "रानातबी असंच! तुझा वाटा जाड, माझा बारीक!"

"दादा, मी बरोबर मोजलंय."

"खोटारड्या!"

ज्ञानेशनं त्याची गचांडी धरली. रोहिदासनं मला उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. माझा दांडा त्याच्या डोळ्यात घुसला. अरे देवा, कसला ओरडला तो! त्याचं रक्त माझ्या भोकांत भरलं.

डोळा गेला. दवाखान्यातून आल्यावर ज्ञानेशनं मला मांडीवर घेतलं आणि बोटानं एकेक भोक चाचपलं.

"दादा, भोकच एक कमी हाय."

रोहिदासनं मोजलं. पट्टीची दोन टोकं जिथं जुळतात, तिथली एकच खूण पट्टी आखताना त्यानं दोनदा मोजली होती. तो कपाळ बडवून घेऊ लागला.

गिताबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला त्याच्यापुढं आदळलं. "कर आता वाटणी. डोळ्याची कर."

तेव्हापासून मी बाकाखाली पडून आहे. घड्याळ बंदच आहे. भोकांतलं रक्त कुणी पुसलं नाही, गंज तिथूनच चढला. मित्रांनो, हत्यारं पुसत जा, त्यांना तेल देत जा. आणि कुणावर उचलण्याआधी आपलं स्वतःचं पुन्हा एकदा मोजा.