हिरड्यांचा गुलाबी

कॅप्टन हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं. ते कधी जहाजावर गेले नव्हते की सैन्यात. विमा कचेरीत कारकून म्हणून लागले आणि तिथेच चढत चढत वर गेले. पण कापडी छत मागे दुमडता येणारी ती जुनी गाडी घरात आली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ते डोक्यावर टोपी चढवून स्टिअरिंगमागे बसायला लागले. गाडी चालत नव्हती. इंजिन निम्मं गाडीत आणि निम्मं खोक्यांत होतं. तरी कॅप्टन गिअर टाकायचे, वळणं घ्यायचे, आणि येणाजाणाऱ्याला हात करायचे.

गाडी येण्याआधी त्या गॅरेजमध्ये त्यांच्या बायकोचा कारखाना होता. कारखाना हा शब्द कॅप्टन चेष्टेनं वापरायचे. काकू कवळ्या करत. गावातले दाताचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचे ठसे पाठवायचे, काकू त्यावरून प्लास्टरचे साचे ओतायच्या, मेणात दात बसवायच्या, हिरड्या कोरायच्या. एक लांब सागवानी टेबल, एक छोटी भट्टी, पॉलिशचं चाक आणि कोरण्यांचा डबा, एवढाच पसारा होता. पण काकूंची कवळी घातलेला माणूस बोलताना ओळखू यायचा नाही, असं डॉक्टर सांगायचे. काकूंनी स्वतःच्या हातानं उभं केलेलं तेवढं एकच होतं.

त्यांची आई घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं, म्हणून काकू माहेरी राहायला गेल्या. महिन्याभरानं परतल्या तेव्हा गॅरेजमध्ये गाडी होती. भट्टी मागच्या अंगणात प्लास्टिकखाली होती, आणि मधल्या काळात दोनदा पाऊस होऊन गेला होता. कोरण्या कुठल्याशा पिशवीत होत्या. साचे कचऱ्याच्या गाडीत गेले होते. त्यांत तीन जणांचे जबडे होते, आणि त्यातले एक निवृत्त मास्तर पुढे कितीतरी दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर होते. टेबल कुठे दिसेना. मग दिसलं. गॅरेजच्या उंबऱ्यावरून गाडी आत ढकलायला उतार हवा होता, म्हणून कॅप्टननी ते कापून त्याच्या फळ्या केल्या होत्या.

काकूंनी विचारलं तेव्हा कॅप्टन बोनेटमध्ये डोकं घालून होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, की तुला कुठेही बसून करता येईल, गाडी कुठे ठेवणार?

भट्टी पुन्हा तापली नाही. लेकीच्या शाळेचा खर्च होता, घर चालायचं होतं. काकू शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लॅबमध्ये नोकरीला लागल्या. तिथे तोंडाला फडकं बांधून, रांगेत उभं राहून, आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मालकाचं ऐकून घेत त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली. भांडल्या मात्र नाहीत. लोकांना वाटलं, सोसलं बाईनं. काकूंना भांडायचं नव्हतंच. भांडलं की निचरा होतो, आणि निचरा त्यांना नको होता.

त्यातच सुट्टीच्या दिवसाचं एक काम त्यांच्या गळ्यात पडलं. कॅप्टन गाडीखाली शिरले की काकूंनी दिवा धरायचा. लांब वायरचा, जाळीतला दिवा. कॅप्टन खालून बोलत राहायचे. लाइट तोंडावर नको, नटावर धर. लक्ष कुठे आहे तुझं? एवढं साधं काम जमू नये माणसाला? काकू दिवा धरायच्या, ऐकायच्या, आणि ऐकता ऐकता कुठला नट कुठे जातो हे पाठ करायच्या.

गाडी सुरू झाली नाही ती नाहीच. कॅप्टनना खोलायची हौस होती, जोडायचा कंटाळा. मग ते निवृत्त झाले, काकूही लॅबमधून सुटल्या, आणि कॅप्टनचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग लेखणी, मग पेचकस. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. गोळ्यांनी आटोक्यात राहील म्हणाले, जाणार नाही म्हणाले. एक स्क्रू त्याच्या भोकात घालायला कॅप्टन सकाळभर झटत होते. तो पुन्हा खाली पडला तेव्हा त्यांनी काकूंना हाक मारली.

"अगं, तुझा हात बारीक कामाचा आहे," ते म्हणाले. "तू करशील का?"

काकूंनी पदराला हात पुसले. करीन म्हणाल्या, पण मी म्हणेन तसं. कॅप्टननी आनंदानं मान हलवली. काकूंनी त्यांना स्टूल दिलं आणि हातात दिवा दिला.

दिवा थरथरत होता. त्याबरोबर गॅरेजच्या भिंतीवर सावल्या नाचत होत्या. काकू गाडीखालून म्हणाल्या, "अहो, लाइट तोंडावर नको, नटावर धरा." कॅप्टन हसले. त्यांना गंमत वाटली. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "लक्ष कुठे आहे तुमचं?" कॅप्टन पुन्हा हसले, पण अर्ध्यावर थांबले. तिसऱ्यांदा, "एवढं साधं काम जमू नये माणसाला?" हे ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट पकडलं आणि दिवा स्थिर करायचा प्रयत्न केला. काकू खालून ते बघत होत्या. त्यांना बरं वाटलं. कुणाला सांगण्यासारखं ते बरं वाटणं नव्हतं.

मग हे रोजचं झालं. काकूंनी कार्बोरेटर उघडून त्यातली केसाएवढी भोकं दात कोरायच्या हत्यारानं मोकळी केली. वायरी एकेक करून बदलल्या. गंज खरवडला, पत्रा गुळगुळीत केला, फाटलं छत उसवून त्यावरून नवं जाड कापड बेतलं. काम त्यांच्या हातांना आवडत होतं, आणि शेजारी स्टुलावर बसलेला माणूस हातात दिवा घेऊन गप्प होता. एकदा लेक राहायला आली होती. तिनं दारातून ऐकलं आणि आईला स्वयंपाकघरात ओढून नेलं. आजारी माणसाशी असं बोलतात का, म्हणून ती रागावली.

"तुझे बाबा धडधाकट होते तेव्हा मला हेच बोलायचे," काकू म्हणाल्या. "तेव्हा तुला ऐकू येत नव्हतं?"

लेक दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर निघून गेली.

इंजिन ज्या दिवशी पहिल्यांदा लागलं, त्या दिवशी आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग धूर, मग एक घुमणारी, भरीव घरघर. कॅप्टनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते बोनेटवर हात ठेवायला उठले. ते तिथवर पोचायच्या आत काकूंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. आज पुरे म्हणाल्या, आणि चावी कनवटीला लावून आत गेल्या.

रंग राहिला होता. कॅप्टननी गडद हिरवा कधीपासून ठरवून ठेवला होता. त्याचा डबाही आणून ठेवला होता. लेकीनं बापाला चार दिवस बदल म्हणून आपल्याकडे नेलं, तेव्हा काकूंनी त्या डब्यातून मागचं फाटक आणि गटाराचं झाकण रंगवून टाकलं. मग त्या रंगवाल्याकडे गेल्या आणि पर्समधून कवळीचा एक तुकडा काढून त्याच्या समोर ठेवला. हाच रंग हवा म्हणाल्या. रंगवाल्यानं तुकडा उलटसुलट करून बघितला आणि कशाला हवा ते विचारलं. गाडीला म्हटल्यावर तो हसायला लागला. काकू हसत नाहीत हे बघून थांबला आणि डबे उघडायला लागला. हिरड्यांचा गुलाबी सोपा नसतो. त्यात थोडा तपकिरी लागतो, किंचित पिवळा लागतो. काकू शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. फवारणीचं यंत्र त्यांनी भाड्यानं आणलं आणि तोंडाला जुनं लॅबचं फडकं बांधून स्वतःच रंग मारला.

कॅप्टन परतले तेव्हा गाडी अंगणात उन्हात उभी होती. ओली असल्यासारखी चकाकत होती. फाटकाबाहेर शेजारची दोन-तीन माणसं तोंडावर हात धरून उभी होती.

"हा कसला रंग?" कॅप्टननी विचारलं.

"हिरड्यांचा," काकू म्हणाल्या. "तीन माणसांच्या हिरड्या तुम्ही कचऱ्यात टाकल्या होत्या. म्हटलं, परत आणाव्यात."

कॅप्टन त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच कळल्याचं दिसत नव्हतं.

"कसल्या हिरड्या? कधी?"

"गाडी आणलीत तेव्हा. गॅरेजमधून."

"गॅरेज तर रिकामंच होतं," कॅप्टन म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचं खोटं काकूंना लगेच कळायचं. हे खोटं नव्हतं. ज्या गोष्टीवर त्या इतकी वर्षं जगल्या, ती या माणसाच्या डोक्यात कुठेच नव्हती. त्यांनी कॅप्टनचं मनगट धरलं आणि त्यांना गॅरेजच्या उंबऱ्याशी नेलं. तिथे उताराच्या फळ्या अजून होत्या, तेलानं काळ्या पडलेल्या. एक फळी त्यांनी पायानं उलटी केली. खालच्या बाजूला मेण वितळवायच्या दिव्यानं पडलेले गोल गोल चटके होते, आणि कडेला कोरणीनं घासून घासून झालेली खाच होती. काकूंनी कॅप्टनचा हात त्या खाचेवर ठेवला.

"इथे माझं मनगट टेकायचं," त्या म्हणाल्या.

कॅप्टनचा हात त्या खाचेत थरथरत राहिला. मग ते उंबऱ्यावरच बसले. टेबल होतं, एवढंच म्हणाले. हो, टेबल होतं. काकूंना वाटत होतं, आता माफी येईल आणि ती आली की नाकारायची. नाकारायचे शब्दसुद्धा तयार होते. माफी आली नाही. कॅप्टन उठून आत गेले आणि पुढचे कितीतरी दिवस गॅरेजकडे फिरकले नाहीत. गॅरेजमध्ये काकू एकट्याच पान्हे पुसत बसायच्या आणि दिवा खुंटीला लावून काम करायच्या. काम तेवढंच नीट व्हायचं, पण दिवस लांबलचक वाटायचा.

पुढे जुन्या गाड्या विकत घेणारा एक व्यापारी घरी आला. त्यानं गाडीभोवती चकरा मारल्या, रंगाला नावं ठेवली, इंजिन ऐकून गप्प झाला, आणि कॅप्टनना उद्देशून बोलणी सुरू केली. काकू दारात उभ्या होत्या. हा दिवस त्यांनी मनात फार पूर्वी लिहून ठेवला होता. गाडी पूर्ण करायची, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत विकायची, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याला फाटकात उभं करायचं.

कॅप्टननी व्यापाऱ्याला मध्येच थांबवलं.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "गाडी तिची आहे. तिनं केली आहे."

काकू चिडल्या. इतक्या चिडल्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. गाडी हिसकावून घ्यायची होती, आणि या माणसानं ती आपण होऊन हातावर ठेवली होती. व्यापारी आता त्यांच्याकडे वळला होता. विकायची नाही, असं काकूंनी त्याला सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तो गेला.

कॅप्टनचा चेहरा उजळला. त्यांनी टोपी काढली आणि बायकोकडे असं बघितलं, जणू आता सगळं मिटलं.

"तसं काही नाही," काकू म्हणाल्या. "विकली तर तुम्ही सुटाल."

आता दर सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी बाहेर निघते. छत मागे दुमडलेलं असतं. काकू चालवतात. बाजारातून जाताना गाडी मुद्दाम हळू करतात, म्हणजे त्या गुलाबी गाडीत शेजारी बसलेले कॅप्टन सगळ्यांना नीट दिसावेत. पोरं ओरडतात, दुकानदार हात करतात. सुरुवातीला कॅप्टन खाली बघायचे, आता समोर बघतात. एकदा त्यांनी विचारलं होतं, रस्ता मोकळा आहे, मी जरा बसू का स्टिअरिंगवर? काकू नाही म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

निघताना मात्र वेळ लागतो. सीटचा पट्टा काकूंनी नवा बसवून घेतला आहे, आणि त्याची पट्टी खाचेत घालणं कॅप्टनना जमत नाही. ती इकडे जाते, तिकडे जाते, हातातून सुटते. काकू मदत करत नाहीत. इंजिन चालू ठेवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोरच्या फाटकाकडे बघत बसतात. त्यांना घाई नसते. शेजारी पट्टीचा धातूवर खडखडाट चालू असतो, कॅप्टनचा श्वास ऐकू येतो, आणि मग कधीतरी खट् आवाज होतो. काकू क्लच दाबतात आणि गाडी पुढे काढतात.