भोंग्याच्या घरातलं ब्लडप्रेशर

वेल्डिंगच्या दुकानाचा मालक गल्लीत भोंगा म्हणूनच ओळखला जायचा. ग्राइंडरच्या वर आवाज चढवता चढवता त्याचा गळाच तसा झाला होता. "जेवायला वाढ" हेसुद्धा तो भांडायला आल्यासारखं म्हणायचा. बायको मात्र मवाळ. दुकानाच्या कोपऱ्यात बसून तयार जाळ्यांना तांबडा रंग फासायची, दिवसभरात चार शब्द बोलली तर बोलली.

दवाखान्याची सिस्टर ब्लडप्रेशर तपासत गल्लीत आली, तेव्हा सगळ्यांनी तिला आधी भोंग्याकडेच पिटाळलं.

"मला काय धाड भरलीय?" भोंगा गरजला. पण हात पुढे केला. पट्टा फुगला, हवा सुटली.

"अगदी नॉर्मल," सिस्टर म्हणाली. जमलेल्यांचा पार विरस झाला.

निघता निघता तिने भोंग्याच्या बायकोच्या, म्हणजे गल्लीच्या वहिनींच्याही दंडाला पट्टा बांधला, आणि सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा मोजलं.

"वहिनी, एकशे ऐंशीच्या वर आहे हो!"

"मशीन बिघडलंय!" भोंगा ओरडला. "हिला राग म्हणजे काय तेच ठाऊक नाही!"

"दादा, ब्लडप्रेशरचा त्रास तापट माणसालाच होतो असं काही नाही. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर कळत नाही. उद्याच दवाखान्यात घेऊन या."

डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. भोंग्याने मात्र मनोमन आपल्या आवाजालाच दोषी धरलं आणि तो कुजबुजायला लागला. गिऱ्हाइकांना वाटलं, याच्या घरी कुणीतरी गेलं. एकाने तर सांत्वनही केलं. ग्राइंडरच्या गोंगाटात त्याने कुजबुजून सांगितलेलं माप ऐकू न आल्याने दुकानातल्या कारागिराने फाटक हातभर आखूड कापलं, तेव्हा भोंगा दात आवळून म्हणाला, "छान झालंय हो."

बायकोने ब्रश खाली ठेवला.

"अहो, तुम्ही असं गोड बोलायला लागलात की माझ्या छातीत धडधडतं. वाटतं, माझं काही खरं नाही आणि तुम्ही लपवताय."

"मग काय, ओरडू?"

"दुकानात खुशाल ओरडा. घरात नको. मला ते कधीच आवडलं नाही."

भोंग्याने विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही मध्ये जागा कुठे सोडायचात?"

त्यानंतर तिने गोळी एकदाही चुकवली नाही. सिस्टर पुन्हा आली तेव्हा दाब बराच उतरला होता. हल्ली जेवताना भोंगा दबक्या आवाजात चिमूटभर मीठ मागतो, आणि वहिनी शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात नाही म्हणतात.