मडमचं रडू

मडम रडायला लागली तसे डॉक्टर लगबगीने उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. मॅनेजर नानासाहेबांनी पाणी मागवलं. सगुणाबाई तासभर टेबलासमोर उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

चिंचवडजवळच्या रंगाच्या कारखान्याच्या दवाखान्यात ती सहा वर्षं नर्स होती. मिशनच्या इस्पितळात शिकलेली, कामात चोख. गेल्या आठवड्यात तिने सुई टोचलेल्या तीन कामगारांचे दंड सुजून पिकले. चऱ्होलीच्या गेनबाच्या दंडाला तर चीर द्यावी लागली. सुया पुरत्या उकळल्या नव्हत्या, हे उघड होतं.

स्टोव्हवर त्या सगुणाबाईनेच ठेवल्या होत्या. पण ती आत मलमपट्टीला गेली आणि रॉकेलच्या वासाने डोकं दुखतं म्हणून मिसेस कार्टरने स्टोव्ह बंद केला. हीच ती मडम, विलायतेहून आलेल्या तज्ज्ञाची बायको. वेळ जात नाही म्हणून आठवड्यातून दोनदा दवाखान्यात सेवेला यायची. परत आल्यावर सुया पुरत्या उकळल्या का, असं सगुणाबाईने तिला विचारलंही होतं. झालं सगळं, असं तिने हसून सांगितलं होतं.

हे सगुणाबाईने जसंच्या तसं सांगितलं. मडम म्हणाली, आपल्याला काही आठवत नाही. पण सगुणावर आपला राग नाही. आणि मग रडू.

"पाहुण्या बाईंवर ढकलतेस?" नानासाहेब म्हणाले.

इंग्रज जाऊन नऊ वर्षं झाली होती. या खोलीतून मात्र ते अजून गेलेले नाहीत, असं सगुणाबाईच्या मनात आलं. सुयांचं काम तिच्याकडून काढून घेतलं आणि तिला पट्ट्या धुवायला लावलं.

रविवारी दापोडीच्या गल्लीत सगुणाबाईच्या दारात मोटार थांबली. मडमने बिस्किटांचा डबा आणि आपला जुना स्वेटर आणला होता. बाजेवर बसून तिने सगुणाबाईचा हात हातात घेतला. रात्रभर झोप नाही, म्हणाली. स्टोव्ह आपणच बंद केला, सगळं आठवतंय. पण तसं बोलले असते तर कार्टरसाहेबांची किती नाचक्की झाली असती. तुम्ही लोक किती सोशिक. मला माफ कर.

सगुणाबाईने इस्पितळात शिकलेलं इंग्रजी गोळा केलं. "आत्ता बोललात ते कागदावर लिहून द्या."

मडमने हात काढून घेतला. "तू फार कठोर आहेस," ती म्हणाली आणि तिचे डोळे पुन्हा भरले.

सगुणाबाईला वीट आला. आता हिचं रडूही आपणच पुसायचं? तिने डबा आणि स्वेटर उचलून मोटारीत ठेवले. "चहा टाकलाय, तेवढा घेऊन जा," म्हणाली. मडम थांबली नाही.

शेजारची तानाबाई दारात उभीच होती. "मडम घरी आली, आन् तू डबा परत दिलास?"

सगुणाबाई चहाचं आधण उतरवायला आत गेली. आठवड्याभरात तिने दोघांना खरं सांगून पाहिलं होतं. दोघांनीही हेच विचारलं होतं, की एवढी मोठी बाई खोटं कशाला बोलेल?

सोमवारी ती दवाखान्यामागच्या नळावर पट्ट्या धूत होती. गेनबा मलमपट्टीला आला. ठणका कमी झाला का, असं विचारायला ती उठली. तिला पाहताच त्याने दुखरा हात उपरण्याखाली घेतला आणि पलीकडून वळून तो आत गेला.

खिडकीतून मडमचा मऊ आवाज आला. मोडक्या हिंदीत ती विचारत होती, बहुत दुखता है?

"न्हाई मडम," गेनबा म्हणाला. "तुमी हाय म्हून आमी वाचलो."

सगुणाबाईने हातातली पट्टी पिळली, झटकली आणि दोरीवर सरळ ताणून वाळत घातली.