चादरीच्या दोन्ही टोकांना

मित्रांनो, मी इतका जुना जनुक आहे, की माझे वय मलाही सांगता येणार नाही. मला तोंड नाही, डोळे नाहीत. तरी मी माणसामागून माणसात उतरत आलो आहे. तुमच्या पेशींत प्रथिनांच्या लांब साखळ्या तयार होतात. त्या नीट दुमडल्या गेल्या तरच कामाच्या. दुमडताना त्या चुकू नयेत म्हणून त्यांची पाठराखण करणारे एक प्रथिन असते. ते कसे घडवायचे, हे माझ्यात लिहिलेले आहे. एका घराण्यात माझी नक्कल उतरताना एकच अक्षर बदलले. कोणालाही चाहूल लागली नाही.

त्या घराण्यातले बाबा हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होते. मोठी चादर तिथे दोघांनी मिळून दुमडायची असे: समोरासमोर उभे राहून ताणायची, मग चालत जाऊन आपली टोके दुसऱ्याच्या हाती द्यायची. समोर तिथेच कामाला असलेली त्यांची मुलगी असे. पन्नाशीत बाबांच्या हातून टोके सुटू लागली.

"काय बाबा, चादर चावते का?" मुलगी चिडवी.

बाबांचे गुडघा उंच उचलून पाऊल आपटत चालणे तर कोणाला खटकलेच नाही. आजोबाही तसेच चालत. ती घराण्याची ऐट मानली जाई. त्या ऐटीत मी होतो. चादर ताणली जाई तेव्हा तिच्या दोन्ही टोकांना मीच असे, हे फक्त मला ठाऊक होते.

शेवटी मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या रक्तात बदललेल्या मला गाठले: त्या एका अक्षरापायी त्यांच्या हातापायांचे मज्जातंतू हळूहळू झिजत होते. मुलीतही हा बदललेला मी असण्याची शक्यता निम्मी, उपाय अजून नाही, आणि जाणून घ्यायचे की नाही हे तिनेच ठरवायचे, असे त्यांनी समजावले. बाबांनी नको म्हणून विनवले. न कळता वाट बघण्यापेक्षा कळलेले बरे, असे म्हणून तिने रक्त दिले.

निकाल ऐकून बाबांची मान खाली गेली. "माझ्यामुळे झालं हे, पोरी."

"नाकही तुमचंच आलंय, बाबा. तेही परत देऊ का?"

ती हसली. पण टेबलाखाली ती स्वतःचे एकेक बोट दाबून पाहत होती. तिने मला पहिल्यांदाच चाचपले.

मित्रांनो, मी दुष्ट नाही. जे लिहिले आहे तेवढेच माझ्याकडून घडते. घरात कोणाची चाल बदलली, पकड सैल झाली, तर सवय म्हणून सोडून देऊ नका. आणि मी सापडलोच, तर त्या माणसाला माझ्या नावाने ओळखू नका. मी त्याच्यात आहे; तो म्हणजे मी नव्हे.