छत्तिसातलं एक नाव

जोलीन जेडननं शाळेच्या चार वर्षांत शंभरावर मॅच खेळल्या आणि एकाही मॅचमध्ये बास्केटकडे बॉल फेकला नाही. यात तिचा काही दोष नव्हता. त्या काळी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मुलींचा बास्केटबॉलच तसा होता. एका बाजूला सहा मुली, तिघी पुढे, तिघी मागे, आणि मैदानाच्या मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. पुढच्या तिघींनी बॉल टाकायचा, मागच्या तिघींनी अडवायचं. जोलीन मागची. पुढच्या मुलींचे फोटो पेपरात यायचे, मागच्यांचे गुडघे सोलवटायचे. अठ्ठ्याऐंशी साली नॉर्डालचा संघ राज्याच्या स्पर्धेला गेला, तेव्हा एका मॅचमध्ये चाळीस-चाळीस पॉइंट करणारी एक उंच पोरगी जोलीनच्या वाट्याला आली. तिला अकरावर थांबवून जोलीन घरी आली. पेपरात त्याबद्दल एक ओळ छापून आली होती. ती कापून ठेवायचं जोलीनच्या मनातही आलं नाही, पण ती तिला आजही पाठ होती.

पुढे शाळेनं तो खेळ बंद केला. जोलीननं व्हर्लिन जेडनशी लग्न केलं आणि गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत नोकरी धरली. मक्याचे, सोयाबीनचे ट्रक काट्यावर यायचे, ती वजन लिहून घ्यायची. ग्रेटा, एकुलती एक, आठ वर्षांची झाली तेव्हा एका हिवाळ्यात जोलीननं तिला यंत्रांच्या शेडमध्ये नेलं. मळणीयंत्र आणि भिंत यांच्या मधल्या सिमेंटच्या पट्टीवर दोघी मायलेकी तोंडातून वाफा सोडत उभ्या राहिल्या.

"माझ्या डोळ्यांकडे बघू नकोस," जोलीन म्हणाली. "डोळे फसवतात. हातही फसवतात. कंबरेकडे बघ. कंबर जाईल तिकडेच माणूस जातो."

तिला येत होतं ते एवढंच, आणि तेवढं तिनं पोरीला दिलं. दहा हिवाळे दिलं. ग्रेटा वाढत वाढत पाच फूट अकरा इंचांवर थांबली, राज्याच्या विद्यापीठानं तिला शिष्यवृत्ती देऊन नेलं, आणि तिसऱ्या वर्षी तर समोरच्या संघातली सगळ्यांत तिखट पोरगी कोण हे बघून कोच रिट ग्रेटाला नुसती मानेनं खूण करायच्या. ग्रेटा उठायची आणि त्या पोरीला जाऊन चिकटायची.

सोमवारी काट्यावर ट्रकांची रांग लागली की गप्पा तिच्याच. आर्लो हार्म्स हा त्यातला सगळ्यांत बोलघेवडा. सत्तरी ओलांडलेला, पण ग्रेटाच्या मॅचच्या तारखा त्याला पाठ. मुद्दाम पेपर न वाचता यायचा, कारण त्याला सगळं जोलीनच्या तोंडून ऐकायचं असायचं.

"काय गं, काल किती केले पोरीनं?"

"चार."

"चारच? आणि समोरचीनं?"

"सहा."

"तिचे एरवी किती असतात?"

"बावीस."

आर्लो बोटांवर मोजायचा. "मग आपले सोळा आणि वरचे चार, वीस झाले की गं! कमी कुठं आहेत?"

जोलीन हसून त्याला पावती द्यायची, आणि तो ट्रक पुढे घेतल्यावर मनातल्या मनात तोच हिशोब पुन्हा करून बघायची.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक निवडीच्या, याद्या यायला लागल्या. देशात मुलींचे व्यावसायिक संघ बारा. प्रत्येकानं तीन फेऱ्यांत तीन नावं उचलायची, म्हणजे सगळ्या कॉलेजांतून दरवर्षी छत्तीस. कोण कितवी जाईल याचे अंदाज बांधणारी माणसंही असतात. त्यांच्यातल्या एकानं ग्रेटाला छत्तिसात धरलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'बचाव अव्वल. पण पॉइंट करत नाही. या मुलीला पुढे जागा मिळणं कठीण.'

जोलीननं ते खिडकीत बसून तीनदा वाचलं. पोरीला पॉइंट करायला कुणी शिकवायला हवं होतं? ज्या बाईनं जन्मात एकदा बॉल टाकला नाही तिनं? तिनं आपलं अर्धं मैदान पोरीला दिलं होतं, आणि आता पोरगी त्याच अर्ध्यात अडकली होती.

संध्याकाळी तिनं फोन केला. "ग्रेटा, तू बॉल टाकायला लाग. संधी मिळो न मिळो, टाक."

"कोच काय म्हणतील?"

"कोचचं मी नाही सांगत. मी माझं सांगते."

ग्रेटानं आईचं ऐकलं. एका मॅचला अठरा पॉइंट केले, आणि नॉर्डालच्या पेट्रोल पंपावर कुणीतरी पुठ्ठ्यावर मोठ्ठा अठरा लिहून टांगला. पण पुढच्या पाचातल्या चार मॅच संघ हरला. बॉल टाकण्याच्या नादात ग्रेटाला परतायला उशीर व्हायचा, आणि जिला अडवायचं ती मोकळी सुटायची. पाचव्या मॅचला कोच रिटनी तिला अर्धा वेळ बाकावर बसवलं. जोलीन वर प्रेक्षकांत होती. पोरगी गळ्यात टॉवेल घेऊन खाली बघत बसली होती, आणि जोलीनला वाटलं, हा टॉवेल मीच तिच्या गळ्यात घातलाय.

त्या रविवारी ग्रेटा घरी जेवायला आली. टेबलावर भाजलेलं मांस होतं, कुस्करलेले बटाटे होते. व्हर्लिन नेहमीसारखा न बोलता जेवत होता. नांगरणीला गेला तर दिवसभरात दोन वाक्यं बोलणारा माणूस.

"आई, रागावू नकोस," ग्रेटा म्हणाली, "पण मी आता नाही टाकणार. मोकळी असले तर टाकीन. उगाच नाही."

"अगं, पण ते लोक लिहितात की..."

"लिहू देत ना!" ग्रेटानं काटा खाली ठेवला. "तुला ती वेळ माहीत आहे का गं? समोरचीला एकदम कळतं की आज हिच्यापासून सुटका नाही. आधी ती चिडते. मग पंचाकडे बघते. मग तिचे पाय जड होतात, आणि ती बॉल मागायचंच सोडते. मी त्याच्यासाठी खेळते, आई. पॉइंट केले की बरं वाटतं. पण समोरचीनं असा बॉल सोडला की मला वाटतं, आज मी या मैदानाची मालकीण आहे. तुला नव्हतं का असं वाटत?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न जोलीनला कुणी विचारला नव्हता. नवऱ्यानं नाही, गावानं नाही, पेपरवाल्यानं तर नाहीच.

"वाटायचं," ती म्हणाली. "फार वाटायचं."

"मग झालं तर," व्हर्लिन म्हणाला. "बटाटे सरकव इकडे."

ग्रेटा आपल्या खेळावर परत आली, आणि संघ पुन्हा जिंकायला लागला. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत तिसऱ्या फेरीला त्यांची गाठ पडली ती ताशा विल्करसनच्या संघाशी. ताशा म्हणजे मॅचमागे सत्तावीस पॉइंट, आणि ड्राफ्टमध्ये पहिलं नाव तिचंच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. नॉर्डालहून तीन बस भरून माणसं गेली. आर्लो घसा बसेपर्यंत ओरडला. ग्रेटा ताशाच्या पुढ्यात अशी वाकून उभी राहिली की दोघींच्या मधून वारा जाणार नाही. ताशा डावीकडे गेली, ग्रेटा तिथं. उजवीकडे, तिथं. दोन मैत्रिणींच्या आडून सुटून आली, तरी समोर ग्रेटा. तिसऱ्या सत्रात ताशानं पंचाकडे बघून हात पसरले, आणि वर बसलेल्या जोलीननं शेजारच्या अनोळखी बाईचा दंड गच्च धरला. "आता बघा," ती म्हणाली, "आता तिचे पाय जड होतील."

नऊ. ताशा विल्करसनचे नऊ पॉइंट झाले, आणि विद्यापीठ सहानं जिंकलं. ताशा मोठ्या मनाची पोरगी. मॅचनंतर पत्रकारांना म्हणाली, "ती चोवीस नंबरवाली माझ्याबरोबर बसमध्येही चढेल की काय, अशी भीती वाटतेय मला." सगळे हसले, आणि ते वाक्य देशभर पसरलं. पुढच्या फेरीत विद्यापीठ हरलं, पण तोवर ज्यांना ग्रेटाचं नाव माहीत नव्हतं त्यांनी ते लिहून घेतलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काट्याच्या खिडकीशी एक बाई आली. अंगात चांगला कोट, बुटांना चिखल.

"मिसेस जेडन? मी एका संघासाठी खेळाडू बघते. तुमच्या मुलीबद्दल विचारायचं होतं. तिला बचाव कुणी शिकवला?"

"कोच रिटनी."

"त्यांनाच विचारलं मी. त्या म्हणाल्या, ती इथं आली तेव्हाच तिला सगळं येत होतं. आईला जाऊन विचारा."

जोलीनच्या हातातलं पेन थांबलं. मागून आर्लोनं हॉर्न वाजवला. "जोलीन! माझा मका इथंच उगवेल आता!"

"तुम्ही जुन्या खेळात होतात का?" बाईंनी विचारलं. "सहा जणींच्या? मागच्या बाजूला?"

"हो."

"मला वाटलंच. ते पाय मी कुठंतरी बघितलेत असं वाटत होतं. माझी आत्या इथलीच, ती मागची होती." बाई खिडकीशी वाकल्या. "माझ्याकडे बॉल टाकणाऱ्या पाच जणी आहेत, आणि बॉल एकच आहे. समोरच्यांकडून तो काढून घेणारी हवीय मला. शब्द देत नाही, निर्णय माझ्या एकटीचा नसतो. पण मी भांडणार आहे."

त्या गेल्यावर आर्लो खिडकीशी आला. "कोण गं ती?"

"काही नाही," जोलीन म्हणाली. पण तिनं त्या दिवशी त्याच्या मक्याचं वजन दोनदा चुकीचं लिहिलं.

ड्राफ्ट सोमवारी होता, संध्याकाळी साडेसहाला. ग्रेटाला कार्यक्रमाचं आमंत्रण नव्हतं. ते पहिल्या दहा-बाराजणींनाच असतं. गावानं चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये पडदा लावला. हॅमचे सँडविच, चॉकलेटच्या वड्यांचे ट्रे, कॉफीचं मोठं पिंप. सहाशे वस्तीच्या गावातले दोनशे लोक घडीच्या खुर्च्यांवर. जोलीनबरोबर अठ्ठ्याऐंशी साली मागे खेळणाऱ्या डेब आणि कॉलीनही आल्या होत्या, एक दोनशे मैलांवरून आणि दुसरी नवा गुडघा बसवून.

पहिलं नाव ताशाचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपलीच लेक असल्यासारख्या. बारा नावं झाली. मग चोवीस. लोकांच्या गप्पा कमी होत गेल्या, कुणी वड्यांना हात लावेना. ग्रेटा आईच्या आणि बापाच्या मधे बसली होती, हात मांड्यांखाली दाबून. तिसरी फेरी सुरू झाली. अठ्ठावीस. तीस. बत्तीस. व्हर्लिन बुटांकडे बघत होता.

तेहेतिसाव्या नावाला पडद्यावरची बाई कागदावर अडखळली. "ग्रेटा... ट्जाडेन."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. आयोवात ते नाव टी घालून लिहितात, पण टी कुणी म्हणत नाही. मग दोनशे माणसं एकदम पडद्यावर ओरडली, "जेडन! अगं बाई, जेडन!" आणि खुर्च्या कोसळल्या. डेब आणि कॉलीन जोलीनच्या गळ्यात पडल्या. कॉलीन रडत म्हणत होती, "मागची! मागची घेतली गं त्यांनी!" ग्रेटाला लोकांनी हातोहात घेतलं. जोलीनला ती दिसेचना, नुसता गर्दीच्या वरून तिचा एक हात दिसत होता. तिला त्या हाताचा एवढा अभिमान वाटला की तिनं कोण बघतंय याचा विचार न करता दोन्ही मुठी वर केल्या आणि शाळकरी पोरीसारखी आरोळी ठोकली.

कोटवाल्या बाई भांडून जिंकल्या होत्या, पण नाव निघालं म्हणजे जागा मिळाली असं नसतं. सरावाला अठरा जणी बोलावतात, ठेवतात बारा, आणि तिसऱ्या फेरीतल्या पोरी बहुतेक आठवड्याभरात बॅग भरून परततात. ग्रेटाचे फोन छोटे असायचे. 'आज दोघी गेल्या.' 'आज एक गेली.' 'पाय दुखतायत. जेवले.' काट्यावरचे शेतकरी शहाणे झाले. कुणी काही विचारेना. आर्लोसुद्धा हवापाण्याचं बोलायचा, आणि तेही बेतानं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाला, आर्लोचा ट्रक नेमका काट्यावर असताना फोन वाजला.

"आई."

जोलीननं डोळे मिटले. "बोल बाळा. काहीही असो."

"ठेवलं मला. बारावी. इथल्या कोच म्हणाल्या, सरावात आमच्या मुली तुझ्याशी खेळायला नको म्हणतात, म्हणून ठेवतेय." आणि मग ती हसायला लागली, की रडायला, ते जोलीनला फोनवर कळलं नाही, आणि तिचं स्वतःचंही तेच चाललं होतं.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कामाच्या वेळी खिडकी ओढून घेतली.

"अगं, मी काट्यावर आहे!" आर्लो ओरडला.

"राहा तिथंच! ठेवलं तिला!"

ती गाडीत बसली तेव्हा मागे आर्लो हॉर्न वाजवत होता, आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता.

व्हर्लिन पूर्वेच्या शेतात सोयाबीन पेरत होता. तिला बांधावरून पळत येताना बघून त्यानं ट्रॅक्टर बंद केला, पण खाली उतरला नाही. तिनं धापा टाकत सांगितलं.

"बाराजणींत?" त्यानं विचारलं.

"बाराजणींत."

त्यानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "बरं झालं." आणि ट्रॅक्टर सुरू करून पुढे निघाला.

व्हर्लिनच्या पेरणीच्या ओळी पंचक्रोशीत नावाजलेल्या. लोक आपल्या पोरांना दाखवायचे, अशा सरळ. जोलीन बांधावर उभी राहून बघत होती. अर्ध्या शेतापर्यंत ट्रॅक्टर नीट गेला. मग तो हळूहळू डावीकडे कलला, भलताच कलला, आणि बऱ्याच अंतरानं कुणीतरी जागं झाल्यासारखा पुन्हा सरळ झाला. व्हर्लिननं बाहीनं तोंड पुसलेलं तिला लांबूनही दिसलं.

जूनमध्ये सोयाबीन वर आलं आणि रस्त्यावरून सगळ्यांना दिसलं. शंभर सरळ ओळींच्या मधे त्या एका फेरीतल्या आठ ओळी नदीसारख्या वळण घेऊन गेलेल्या. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. कुणी चेष्टेनं विचारलं, "व्हर्लिन, झोप लागली होती का रे?"

"नाही," तो म्हणायचा. एरवी तिथंच थांबणारा माणूस, पण त्या उन्हाळ्यात तो कुंपणाला कोपर टेकून उभा राहायचा आणि विचारणाऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगायचा.